नांगराने कुठे नमते घ्यावे?

नांगर कसा असावा, असे विचारले तर बहुतेक जण ‘मजबूत’ असे एका शब्दात उत्तर देतील. दगड लागला तरी मोडू नये, मूळ अडकले तरी वाकू नये, अशी आपली अपेक्षा असते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे, आणि खडकाळ किंवा मुळांनी भरलेल्या जमिनीत तर ते धोक्याचेही ठरते. चालता ट्रॅक्टर आणि न हलणारा दगड यांची गाठ पडली की कोणाला तरी नमते घ्यावेच लागते. दगड घेत नाही. मग फाळाने घ्यायचे, बोल्टने घ्यायचे, सांगाड्याने घ्यायचे की ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाने? हा निर्णय आपण आधी घेतला नाही, तर तो त्या क्षणी आपोआप होतो आणि पुष्कळदा चुकीचा होतो. या लेखात आपण या निर्णयामागचे विज्ञान पाहू. त्यासाठी लागणारे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला जमेल इतकेच आहे.

जमिनीतले दगड येतात कुठून?

महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने बनलेला आहे. या खडकात उभ्या-आडव्या भेगा असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि खडकाची झीज सुरू होते. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर तीन बाजूंनी, कडांवर दोन बाजूंनी आणि सपाट पृष्ठावर एकाच बाजूने झीज होते. म्हणून कोपरे सर्वांत आधी जातात आणि ठोकळा हळूहळू गोलसर होतो. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्याचे थर सुटत जातात, त्यांचा मुरूम आणि पुढे माती होते. मधला कठीण गाभा मात्र गोट्याच्या रूपाने तसाच राहतो. माळरानावरचे आणि मुरमाड जमिनीतले गोल धोंडे बहुधा असेच तयार झालेले असतात. रस्त्यासाठी टेकडी कापली असेल तर तिच्या उभ्या कडेत हे पापुद्रे आणि गाभे स्पष्ट दिसतात. विद्यार्थ्यांना ते जरूर दाखवावेत.

‘शेतातले दगड दरवर्षी वर येतात’ असे शेतकरी म्हणतात, ते खोटे नाही. थंड देशांत जमिनीतले पाणी गोठून दगड वर ढकलले जातात. आपल्याकडे ते कारण नाही. पावसाने वरची बारीक माती वाहून जाते आणि नांगर खालचा दगड वर आणतो. म्हणजे गेल्या वर्षी फाळाच्या खाली असलेला धोंडा यंदा नेमका फाळासमोर असू शकतो. मागच्या वर्षी काही झाले नाही, हा पुरावा यंदा कामाचा नाही.

मुळांचे वागणे वेगळे असते. दगड फाळाला एकदम अडवतो. मूळ आधी वाकते, ताणले जाते आणि धनुष्याच्या दोरीसारखी ऊर्जा साठवते. तुटले किंवा निसटले की ती ऊर्जा क्षणात बाहेर पडते. पळस, बोर, बाभूळ तोडून नव्याने वहितीखाली आणलेल्या जमिनीत अशी मुळे आणि बुडखे वर्षानुवर्षे राहतात. मुळाची ताकद झाडाच्या जातीनुसार आणि ओलाव्यानुसार बदलते. तरी अंदाजासाठी दर चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन धरली, तर ३ सेंटिमीटर व्यासाचे मूळ सुमारे १०,६०० न्यूटन ओढ सहन करील. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन. म्हणजे मनगटाहून बारीक असलेले मूळ एक टनाहून अधिक वजन पेलू शकते!

बैल थांबतो, ट्रॅक्टर थांबत नाही

लाकडी नांगराच्या काळातही दगड होतेच. मग तेव्हा एवढे अपघात का होत नसत? याचे उत्तर वेगात आणि वस्तुमानात आहे. गतिज ऊर्जेचे सूत्र आपल्या परिचयाचे आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. समजा, बैलजोडीचे वस्तुमान ८०० किलो आहे आणि ती सेकंदाला ०.७ मीटर, म्हणजे ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालते. तिची गतिज ऊर्जा सुमारे २०० ज्यूल होते. आता ट्रॅक्टर आणि नांगर मिळून २,४०० किलो आणि वेग ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर धरा. ही ऊर्जा सुमारे २,३०० ज्यूल भरते. म्हणजे अकरा-बारा पट.

शिवाय बैल आणि फाळ यांच्यामध्ये जू, दोर आणि लाकडी हाळीस असते. ही सर्व थोडी थोडी नमणारी साधने आहेत. रुमण्यावर हात ठेवलेल्या माणसाला फाळ अडल्याचे तत्काळ कळते, आणि त्याच्याही आधी बैलांना कळते, ते थांबतात. ट्रॅक्टरच्या आसनावर बसलेल्याला फाळ दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात दगडाचा आवाजही ऐकू येत नाही, आणि इंजिन स्वतःहून थांबत नाही.

हा ट्रॅक्टर दगडाला अडून ५ सेंटिमीटर अंतरात थांबला असे समजू. ऊर्जा भागिले अंतर म्हणजे सरासरी बल. २,३०० ज्यूल भागिले ०.०५ मीटर, म्हणजे ४६,००० न्यूटन. साडेचार टनांहून अधिक! यात इंजिनाची चालू असलेली ओढ धरलेली नाही, ती वेगळीच. दोन फाळी नांगराच्या एका फाळाला भारी जमीन नांगरताना सुमारे ६,००० न्यूटन ओढ लागते असे धरले, तर हा दणका त्याच्या सात-आठ पट आहे. आता वेग निम्मा करून पाहा. ऊर्जा निम्मी न होता पावपट होते, आणि थांबण्याचे अंतर तेच राहिले तर बलही पावपट होते. ‘दगडाच्या शेतात सावकाश हाका’ हा सल्ला या वर्गाच्या नियमातून येतो.

याच हिशेबातून दुसरीही गोष्ट कळते. बल कमी करायचे तर वेग कमी करावा किंवा थांबण्याचे अंतर वाढवावे. नांगराच्या सुरक्षेसाठी माणसाने केलेल्या बहुतेक युक्त्या या दुसऱ्या वाटेने गेल्या आहेत.

मोडण्यासाठीच बसवलेला बोल्ट

पुष्कळ नांगरांत फाळाचा उभा दांडा सांगाड्याला दोन ठिकाणी जोडलेला असतो. एक जाड खीळ असते, तिच्याभोवती दांडा फिरू शकतो. तिच्यापासून काही अंतरावर एक बारीक बोल्ट असतो, तो दांड्याला फिरू देत नाही. यालाच शिअर बोल्ट म्हणतात. दगडाचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हा बोल्ट आडवा कातरला जातो, दांडा खिळीभोवती मागे फिरतो आणि फाळ दगडावरून निघून जातो. घरातल्या विजेच्या फ्यूजचे काम हा बोल्ट करतो.

समजा, खिळीपासून फाळाचे टोक ६० सेंटिमीटरवर आणि बोल्ट १५ सेंटिमीटरवर आहे. तरफेच्या नियमाने टोकावरच्या बलाच्या चौपट बल बोल्टवर येईल. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे आकडे कोरलेले असतात. त्यांतल्या पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की पोलादाची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये मिळते. येथे ती ८००. कातरण्यासाठी लागणारे बल याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे ४८० धरू. १० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस मिलिमीटर. म्हणजे तो सुमारे ३७,७०० न्यूटनला कातरेल. त्याला चाराने भागले की फाळाच्या टोकाशी सुमारे ९,४०० न्यूटन येतात. नांगरटीची ६,००० न्यूटनची ओढ तो सहज सोसतो, पण सांगाडा १२,००० न्यूटनला वाकणार असेल तर त्याच्या आधी तुटतो. आपण वर पाहिलेले ३ सेंटिमीटरचे मूळ मात्र त्याला तोडूनच टाकील, आणि तेच योग्य आहे.

आता खरी अडचण पाहा. बोल्ट दिवसातून चार वेळा तुटला की काम खोळंबते. सुटे बोल्ट संपलेले असतात, गाव लांब असते. मग डब्यात सापडेल तो बोल्ट घातला जातो; बहुधा जाड किंवा अधिक कणखर. १२ मिलिमीटरचा ८.८ बोल्ट घातला तर क्षेत्रफळ १.४४ पट होते आणि टोकाशी तुटण्याची मर्यादा सुमारे १३,६०० न्यूटनवर जाते. म्हणजे सांगाडा वाकेपर्यंत बोल्ट तुटतच नाही! फक्त दोन मिलिमीटरच्या फरकाने साखळीतली सर्वांत कच्ची कडी बदलली. उलट ४.६ असा आकडा असलेला १० मिलिमीटरचा मऊ बोल्ट घातला तर मर्यादा ४,७०० न्यूटनवर येते आणि तो भारी जमिनीत, दगड नसतानाही तुटत राहतो. बोल्टऐवजी सळईचा तुकडा घालणे म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार घालणे होय. वरचे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक नांगराचा बोल्ट कोणता, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. तेच माप आणि तोच आकडा वापरला पाहिजे.

उडी मारणारा नांगर

बोल्ट दर वेळी बदलण्यापेक्षा फाळच आपण होऊन वर उचलला गेला आणि पुन्हा खाली आला तर? ही कल्पना दीडशे वर्षांपूर्वीची आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील यॉर्क द्वीपकल्पावर ‘मॅली’ नावाची निलगिरीच्या कुळातली झुडपे मोठ्या प्रमाणावर होती. त्यांच्या बुंध्याशी, जमिनीखाली, लाकडाची मोठी गाठ असते. झुडूप तोडले, जाळले तरी ती गाठ शिल्लक राहते आणि तिला पुन्हा धुमारे फुटतात. या गाठींमुळे तिथल्या नव्या शेतकऱ्यांचे नांगर मोडत. १८७६ साली रिचर्ड बोयर स्मिथ यांनी आपला भाऊ क्लॅरेन्स यांच्या मदतीने वेगळाच नांगर तयार केला. त्यातला प्रत्येक फाळ स्वतंत्रपणे बिजागरीवर बसवला होता. गाठ लागली की तो फाळ मागे आणि वर झुलून गाठ ओलांडे, आणि वजनाच्या भाराने पुन्हा मातीत शिरे. बाकीचे फाळ आपले काम करीत राहत. नांगरताना एक बोल्ट तुटला आणि सुटा झालेला फाळ गाठीवरून सहज निघून गेला, त्यातून ही कल्पना सुचली असे सांगतात.

या नांगराची खुबी ऊर्जेच्या भाषेत सांगता येते. ६० किलोचा फाळ २५ सेंटिमीटर उचलायला १५० ज्यूल पुरतात. दगडाशी झुंजण्यात २,३०० ज्यूल खर्च होणार होते. त्याला ओलांडायला त्याच्या पंधराव्या हिश्शाइतकेच लागतात. आजच्या नांगरांत वजनाऐवजी स्प्रिंग किंवा तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा वापरतात. आपल्याकडच्या स्प्रिंगच्या कल्टिव्हेटरमध्ये हेच तत्त्व आहे: दगड लागला की फण मागे सरकतो, स्प्रिंग ताणली जाते, आणि दगड गेला की फण जागेवर येतो. फिरत्या तव्यांचा नांगरही दगड-मुळांच्या जमिनीत सोयीचा, कारण तवा अडून न राहता अडथळ्यावरून गडगडत जातो.

पुढची चाके का उचलतात?

नांगर मोडला तर पैशांचे नुकसान होते. ट्रॅक्टर मागे उलटला तर माणूस जातो. म्हणून हा भाग नीट समजून घेतला पाहिजे.

समजा, ट्रॅक्टरचे वजन २०,००० न्यूटन आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ७५ सेंटिमीटर पुढे आहे. पुढची चाके जमिनीवर टेकवून ठेवणारे घूर्णबल २०,००० गुणिले ०.७५, म्हणजे १५,००० न्यूटन-मीटर झाले. आता मागे काहीतरी पक्के अडकले आहे आणि चाके घट्ट जमिनीवर १६,००० न्यूटन जोराने ओढत आहेत. ही ओढ जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर असेल तर उलटवणारे घूर्णबल ६,४०० न्यूटन-मीटर भरते. ट्रॅक्टर सुरक्षित आहे. पण तोच साखळदंड एक मीटर उंचीवर, वरच्या दांड्याच्या जागी बांधला तर ते १६,००० होते. पुढची चाके उचलली जातात! एकदा ती उचलली की गुरुत्वमध्य मागे सरकत जातो, सावरणारे घूर्णबल आणखी घटते आणि ट्रॅक्टर अधिकच वेगाने उलटतो. सुमारे पाऊण सेकंदात तो परत न येण्याच्या बिंदूपलीकडे जातो. काय घडते आहे हे मेंदूला कळून पाय क्लचवर पोचायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून येथे चपळाईवर भरवसा ठेवता येत नाही.

खड्ड्यात चाके रुतून बसली असतील तर हाच धोका दुसऱ्या वाटेने येतो. इंजिन आसाला फिरवू पाहते. चाके फिरू शकत नाहीत, म्हणून ट्रॅक्टरचे धडच आसाभोवती उलट दिशेने फिरू लागते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आलेले हलके ट्रॅक्टर या दोषासाठी बदनाम झाले होते. नांगर मागे साखळीने किंवा दांड्याने नुसता ओढला जाई आणि तो अडला की ट्रॅक्टर मागे उठे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला: दोन खाली, एक वर. नांगरताना माती फाळाला मागे दाबते, त्यामुळे नांगराचा वरचा भाग पुढे झुकू पाहतो आणि वरचा दांडा ट्रॅक्टरला मागे न ओढता पुढे ढकलतो. पुढची चाके त्यामुळे जमिनीवर राहतात. १९३६ पासून ही जोडणी असलेले ट्रॅक्टर बाजारात आले, १९३९ पासून ते हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातूनही निघू लागले, आणि आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे हे तीन दांडे दिसतात. मात्र याच वरच्या दांड्याच्या जागी साखळी बांधून बुडखा उपटायला गेलो, तर ढकलण्याच्या जागी ओढ येते आणि फर्ग्युसन यांनी टाळलेला धोका आपण पुन्हा ओढवून घेतो.

चालकाभोवतीची संरक्षक चौकट हा यातला शेवटचा उपाय आहे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली आणि तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे फारच कमी झाले. ही चौकट उलटणे थांबवत नाही. चालकासाठी जागा राखते. चौकट असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर माणूस त्या जागेबाहेर फेकला जातो. चौकट नसेल तर पट्टा बांधू नये.

शेतात पाळायची पथ्ये

आतापर्यंत पाहिलेल्या तत्त्वांतूनच ही पथ्ये निघतात. विद्यार्थ्यांनी प्रत्येकामागचे कारण स्वतः शोधावे.

नांगरटीआधी शेतातून पायी फिरावे. विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला माती किती खोल आहे हे पाहावे, शंका असेल तिथे पहार ठोकून पाहावी आणि दडलेल्या दगडांजवळ काठ्या रोवून खुणा कराव्यात. सुटे दगड वेचून बांधाला लावावेत. पहिली नांगरट उथळ आणि सावकाश करावी, खोली नंतर वाढवावी. बुडखे ट्रॅक्टरने ओढून काढू नयेत. भोवती खणून मुळे तोडावीत किंवा जेसीबीने काढून घ्यावेत. नांगर अडला तर लगेच क्लच दाबावा, नांगर उचलावा आणि थोडे मागे यावे. ‘अजून थोडा जोर लावून पाहू’ असे करू नये. साखळी लावायचीच झाली तर फक्त खालच्या ठरलेल्या ओढदांड्याला लावावी. नांगरावर वजन म्हणून कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये. बोल्ट बदलताना नांगर जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे. तेलाच्या दाबावर उचललेल्या नांगराखाली हात घालू नये. ताणलेल्या स्प्रिंगजवळ तोंड नेऊ नये.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग: पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एका टोकाशी टाचणीने जोडा म्हणजे त्या फिरू शकतील. टाचणीपासून दोन सेंटिमीटरवर दोन्हींतून आगकाडी आरपार घाला. मोकळ्या टोकाला ताणकाटा लावून काडी तुटेपर्यंत ओढा आणि बल नोंदवा. मग दोन काड्या, मग खिळा घालून पाहा. खिळा घातल्यावर काय फाटते?

दुसरा प्रयोग: परातीत ओली वाळू घेऊन तिच्यात एक गोटा पुरा. चमचा मुठीत घट्ट धरून वाळूतून ओढा. नंतर तोच चमचा काठीला सैल दोऱ्याने, बिजागरीसारखा बांधून ओढा. दोन्ही वेळा हाताला काय जाणवते ते मुलांना सांगू द्या.

तिसरा प्रयोग: एकाने मोजपट्टी उभी धरून अचानक सोडावी, दुसऱ्याने ती पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर सुमारे ०.२ सेकंद लागले. हा वेळ लक्ष पट्टीवर असताना आणि बोटे तयार असताना लागलेला आहे. शेतात बेसावध माणसाचा पाय उचलून क्लचवर जायला किती वेळ लागेल, याचा अंदाज मुलांनाच करू द्या.

ग्रामीण शाळांतल्या अनेक मुलांच्या घरी ट्रॅक्टर असतो किंवा भाड्याने येतो. त्यातली काही लवकरच तो चालवू लागतील. डब्यातला जाड बोल्ट उचलताना त्यांच्यापैकी एकाचा हात थांबला आणि त्याने आधी बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचला, तर त्या वर्गातला तास कारणी लागला असे समजावे.